निळा थर

८ जानेवारी

फळी लावणार म्हणे! निळ्या थरावर फळी.

संचालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेही जिन्याखाली, जिथे झाडू आणि बादल्या ठेवतात तिथे. "वहिनी, नुसती फळी. छान रंगवून घेऊ. मातीला धक्काही लागणार नाही." बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, झाडूंकडे बघत होते. हाच माणूस विद्यार्थी असताना आमच्याकडे पडीक असायचा. ह्यांच्या हाताखाली शिकला, माझ्या हातचं जेवला, आमच्या लेकीला सायकल शिकवली. आज संग्रहालयाचा संचालक झाला आणि मान ही अशी!

विचारलं, फळी कुणाच्या डोक्यातून निघाली?

"संग्रहालय मंडळाच्या अध्यक्षांची इच्छा आहे."

इच्छा! जणू डोहाळेच लागलेत. घरी येऊन दोनदा हात धुतले. शिसारी फळीची नाही आली, त्या मानेची आली.

९ जानेवारी

डोकं ताळ्यावर येईना. भिंत बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना रोज जे सांगते तेच इथे लिहून काढते.

आमची भिंत म्हणजे खरं तर उत्खननाच्या खड्ड्याची एक बाजू. सरळ कापलेली, दोन पुरुष उंच, वर पत्र्याचं छप्पर, पुढे कठडा. थर सात. अगदी तळाशी नदीची पांढुरकी रेती, तिथे माणसाचा मागमूस नाही. मग पहिल्या वस्तीची राख आणि हाडं. मग ते प्रसिद्ध जुनं नगर: रुंद विटा, आखीव गटारं. ज्याला त्याला पूर्वज म्हणून हवं असतं ते हेच. त्यावर मठातल्या भिक्षापात्रांच्या खापऱ्या. त्यावर नुसता गाळ, महापुराचा. मग पुन्हा चुली, पुन्हा घरं, कुठल्याशा राजाची हत्तीवाली नाणी. आणि सगळ्यांत वर निळा थर.

निळा थर डोंगरापलीकडून आलेल्या लोकांचा. ते मातीच्या फरशांवर निळी चकाकी चढवायचे. त्यांचे देव वेगळे, लिपी वेगळी. दोनशे वर्षं इथे राहिले, इथेच मेले. आज आपण घरात ज्या शब्दांनी भांडतो त्यांतले निम्मे त्यांचे. त्यांच्या फरशांचे तुकडे मातीत असे चमकतात की पोरं कठड्यावर लोंबकळतात.

मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे हा सगळ्यांनी टाकलेला कचराच ना?"

म्हटलं, हो. आणि तुझ्या आईने आज सकाळी टाकला तो आठवा थर.

सगळा वर्ग हसला. त्या मुलीच्या मात्र डोक्यात शिरलं असावं, जाताना तिने भिंतीला नमस्कार केला. मला हसू आलं आणि डोळेही भरले. ही भिंत ह्यांनी उभी राखली. हे गेले, मीही शाळेतून निवृत्त झाले आणि तिची राखण धरली. विनामूल्य.

१३ जानेवारी

अध्यक्षांना भेटले. त्यांच्या कचेरीत सगळं नवं आणि चकचकीत, टेबलावर प्लास्टिकची फुलं, त्यांवर धूळ. हात ओलसर, सोडता सोडवेना. समोर बिस्किटांची बशी सरकवली. एका बिस्किटाचा आधीच कुणीतरी तुकडा मोडलेला.

"बाई, तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण आपल्या देशाचा इतिहास कसा, अखंड हवा. मुलं गोंधळतात."

मी म्हटलं, मुलं गोंधळत नाहीत. तीस वर्षं शिकवलंय मी त्यांना. मोठी माणसं गोंधळतात.

हसले. "ते लोक पाहुणे होते हो. पाहुण्यांना दिवाणखान्यात बसवावं, वंशावळीत कशाला?"

"दोनशे वर्षं राहिलेला पाहुणा?"

"काही पाहुणे जातच नाहीत, बाई. तुमच्याकडे नाही का कुणी?" असं म्हणून स्वतःच्याच विनोदावर खोखो हसले. शेजारी बसलेले संचालकही हसले. तेच जास्त झोंबलं. तोंडात केस आल्यासारखं झालं, दिवसभर तसंच.

१४ जानेवारी

"संचालकही हसले" लिहिलं ते बरोबर नाही. ते नुसते ओठ ताणून होते. पण तेवढ्यासाठी मी त्यांना सूट देणार नाही.

१७ जानेवारी

सुतार येऊन माप घेऊन गेला. थराला फूटपट्टी लावली मेल्याने!

२० जानेवारी

आज माझ्या लहानपणच्या कॉन्व्हेंट शाळेची आठवण फार आली. आमच्या सिस्टर रोज प्रार्थनेनंतर नखं बघायच्या. नखात माती दिसली की वर्गाबाहेर. खोटं बोललं की त्याहून वाईट: सगळ्यांसमोर जिना उतरून नळावर तोंड धुऊन यायचं. आम्ही मुली तशा वाढलो, स्वच्छ नखांच्या, स्वच्छ तोंडाच्या. इतिहास शिकलो तो दुसऱ्याच देशाच्या राजांचा. त्यांतल्या एकाच्या सहाही राण्यांची नावं मला अजून पाठ आहेत. कुणाचं डोकं उडवलं, कुणी बाळंतपणात गेली, सगळं. पण शाळेच्या पायऱ्यांखाली काय आहे, हे बारा वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. सिस्टरांचा काय दोष! त्यांना तरी कुठे माहीत होतं? मायाळू होत्या बिचाऱ्या. ताप आला की कपाळावर हात ठेवून बसायच्या.

लग्न ठरल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते खड्ड्यात. बाकीच्या मैत्रिणींना बागेत नेलं, मला खड्ड्यात! नवी चप्पल चिखलात रुतली. हे म्हणाले, "इथे हात ठेव." ठेवला. "आता थोडा वर. आता अजून वर." म्हणाले, "हजार वर्षं ओलांडलीस." परत येईपर्यंत माझ्या दहाही नखांत माती होती आणि मला ती धुवावीशी वाटेना.

मग शिक्षिका झाले. माझ्याच नोकरीत पाठ्यपुस्तक तीनदा बदललं. एकदा एक राजा शूर झाला, एकदा तोच क्रूर झाला, एकदा तर गायबच. दर वेळी आम्ही मुलांकडून जुन्या पानावर नवं पान चिकटवून घ्यायचो. डिंकाचा तो आंबूस वास. भिंतीला तो वास नाही, म्हणून तर मी तिच्यापाशी गेले. तिच्यावर कुणाला पान चिकटवता येत नाही, असं मला वाटायचं.

२४ जानेवारी

लेकीचा फोन. वकील आहे, पण माझ्याशी बोलताना आधी सासूसारखी बोलते.

"आई, फळी तर फळी. पुढचा अध्यक्ष काढेल. तू त्या भिंतीशी दुसरं लग्न लावलंयस का?"

"पहिल्याच लग्नातली आहे ती."

मग वकिलासारखी बोलू लागली. कायद्यात म्हणे सोय आहे. बाहेरच्या तज्ज्ञाकडून थर तपासून घ्यायचा. तो जागच्या जागी साचलेला, अस्सल आहे असा दाखला मिळाला की त्यावर फळी सोडा, खिळासुद्धा ठोकता येत नाही. अध्यक्ष असो नाही तर त्यांचा बाप.

"मग कर अर्ज."

"तूच करायचा. मानद मार्गदर्शक आहेस ना तू? पण आई, एकदा तपासायला घातलं की मागे फिरता येत नाही हं. जे निघेल ते निघेल."

म्हटलं, तुझ्या बाबांचं काम आहे ते. काय निघायचंय?

२८ जानेवारी

अर्ज दिला. अक्षर इतकं सुरेख आलं की सिस्टरांनी शाबासकी दिली असती.

३० जानेवारी

संचालक घरी आले. किती वर्षांनी! खुर्चीच्या काठावर बसले, पूर्वी परीक्षेच्या निकालाला यायचे तसे. दारात चप्पल काढताना पाय घसरला, तरी सावरायला हात दिला नाही मी.

"वहिनी, अर्ज मागे घ्या. अजून पाठवला नाही मी पुढे."

"का नाही पाठवलात?"

"फळीने काय बिघडतंय? फळीमागे थर सुखरूप राहील. अध्यक्षही खूश, आपलीही वस्तू आपल्याजवळ. चार वर्षांनी काढून टाकू. मी स्वतः काढीन."

"कारण सांगा. मग घेते मागे."

हातातला कप नुसता फिरवत राहिले.

"नोकरी जाईल म्हणून भिता?"

"तसं समजा."

मग माझ्या तोंडून गेलंच: "तुमच्या सरांनी तुम्हाला हेच शिकवलं का?"

"सरांनी पुष्कळ शिकवलं," म्हणाले आणि उठले. चहा तसाच. त्यावर साय धरलेली. मी तो कप मोरीत ओतला आणि जोरात पाणी सोडलं. एका माणसाचा इतका वीट कधी आला नव्हता. अध्यक्ष निदान उघड तरी बोलतात. हे गुळमुळीत, हे दोन्हीकडून ओले. गोगलगायीसारखी माणसं, जिथून जातील तिथे चिकट रेघ.

१ फेब्रुवारी

लेकीने कुठून तरी दाब आणला. अर्ज पुढे गेला.

९ फेब्रुवारी

माती तपासणारी बाई आली. चाळिशीची असेल, केस कापलेले, फार बोलत नाही. मला आवडली. शिडीवर चढून तिने भिंग लावलं. प्रत्येक थरातून चमचाभर माती घेतली, बाटलीत घातली. मी खाली उभी राहून तिला सगळं सांगत होते: हे नगर, हा पूर, हे निळे लोक. ती "हं, हं" म्हणत होती.

निळ्या थरापाशी मात्र फार वेळ थांबली. मला वर बोलावलं. ह्या वयात शिडी! चढले.

"हे तुकडे बघताय? माणसांच्या पायांखाली तुडवलेली वस्तू हळूहळू आडवी होते. खालच्या थरांत बघा, सगळ्या खापऱ्या आडव्या आहेत."

बघितल्या. आडव्याच होत्या.

"आणि हे?"

निळे तुकडे उभे होते. तिरके होते. काही नुसते काठावर उभे, सूर्याकडे तोंड केल्यासारखे. म्हणूनच तर ते इतके चमकायचे. इतकी वर्षं मी मुलांना सांगितलं, बघा कसे चमकतात. का चमकतात हे एकदाही मनात आलं नाही.

ती म्हणाली, "तपासून सांगते," आणि माझा हात धरून मला खाली उतरवलं. संचालक कठड्यापाशी उभे होते. भिंतीकडे पाठ करून.

१० फेब्रुवारी

काही नसेल. भूकंपानेही तुकडे उभे राहत असतील.

१९ फेब्रुवारी

निकाल आला. बाईने आधी मला फोन केला, तेवढं सौजन्य दाखवलं.

खालचे सहा थर अस्सल, जागच्या जागी साचलेले. निळा थर तसा नाही. माती चाळणीतून काढलेली. तीत सरस मिसळलेला. मागे तारेची जाळी, सिमेंटच्या खुंट्यांना बांधलेली. "भिंत कापून पूर्ण झाली त्याच सुमाराला कुणीतरी हा थर हाताने भरला आहे. फार काळजीपूर्वक भरलाय," म्हणाली. "सफाईचं काम आहे."

सफाईचं काम. त्या वेळी भिंतीला हात लावायची परवानगी एकाच माणसाला होती.

२० फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

लिहिते. नाही तर आतल्या आत नासेल.

ह्यांनी फसवलं. मला, मुलांना, त्या नमस्कार करणाऱ्या मुलीला. भिंत देखणी दिसावी म्हणून? वर निळं काही चमकलं की पाहुणे खूश, मंत्री खूश, अनुदान मिळतं, म्हणून? माझ्या पाठ्यपुस्तकांच्या डिंकाला मी नाकं मुरडत घरी यायची तेव्हा हे शांतपणे ऐकून घ्यायचे. "हं," म्हणायचे. आणि स्वतः सरस कालवलेला!

अध्यक्ष इतिहास पुसतात, माझ्या नवऱ्याने तो रचला. कुणाची घाण कमी? दोघांतला फरक मला सांगता येत नाही, आणि मी तीस वर्षं इतिहास शिकवला आहे.

आज ह्यांचा शर्ट कपाटातून काढला. वास घ्यायची सवय आहे मला, कुणाला सांगितलेलं नाही. घेववेना. परत घडी करून ठेवला, उलटी.

लेक म्हणाली, "बाबांचं काहीतरी कारण असेल." हिच्या अशिलांचंही नेहमी काहीतरी कारण असतं.

२६ फेब्रुवारी

सभा झाली. जाणार नव्हते, पण घरात बसले तर लपले असं होईल. ताठ बसले, शाळेत शिकवलं तशी. पाठ खुर्चीला न टेकवता.

अध्यक्ष कसे फुलले होते! टाळ्या काय, खाणं काय. तोंडात घास असताना भाषण. "बाईंनी स्वतःहून तपासणीची मागणी केली, हे देशप्रेम. नाही तर हा बनावट थर आपल्या डोक्यावर कायम बसला असता." माझ्या अभिनंदनाचा ठराव. सगळ्यांचे हात वर. संचालकांचा हात अर्ध्यात होता, धड वर नाही, धड खाली नाही. नेहमीप्रमाणे.

म्हणे आता फळीची गरजच उरली नाही. जे खोटं आहे ते काढूनच टाकायचं. निळे लोक इथे होते याला आता पुरावाच नाही. नव्या पाटीवर सहाच थर राहतील.

मी उठून म्हणाले, थर खोटा असला तरी ती माणसं खोटी नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "पुरावा द्या, बाई. तुम्हीच तर आम्हाला पुराव्याची सवय लावलीत."

हशा. मी बसले. ती माती ह्यांनी कुठून उचलून आणली हे मला कुठे माहीत होतं! मला पुष्पगुच्छ दिला, त्याला अत्तर फवारलेलं. गुच्छ रिक्षाच्या सीटवरच ठेवून उतरले.

१ मार्च

निळा थर काढायचं काम आज झालं. गेले नाही. पण आवाज इथपर्यंत येतो की काय असं सारखं वाटत होतं. दुपारी भाजी निवडताना सुरीने बोट कापलं.

वाईट वाटू नये असं ठरवलं होतं. खोट्याचं कसलं वाईट वाटून घ्यायचं? तरी वाटलं. मग त्या वाटण्याचाही राग आला.

२ मार्च

संचालक आले होते. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं नाही, ते आलेही नाहीत.

"वहिनी, आता सांगायला हरकत नाही. निळा थर इथलाच होता. पूर्वी संपूर्ण टेकाडावर होता. पहिलं उत्खनन झालं तेव्हा जुन्या नगरापर्यंत लवकर पोचायचं म्हणून तो खरवडून मागे ढिगाऱ्यात फेकला. फेकणारे सरांचे गुरू. सर त्यांच्याविरुद्ध बोलू शकले नाहीत. पण रात्रंदिवस त्यांना ते खुपायचं. मग आम्ही दोघांनी ढिगारा चाळला. टोपल्या मी वाहिल्या. सरांनी प्रत्येक तुकडा हाताने बसवला, तो होता तिथे."

मला का नाही सांगितलं, विचारलं.

"सर म्हणाले, तिला खोटं बोलता येत नाही आणि तिला रोज मुलांसमोर उभं राहायचंय. म्हणून मी फळी म्हणत होतो. फळीमागे राहिला असता."

माती कुठे टाकली, विचारलं.

"मागेच. त्याच जागी. रस्त्याच्या भरावासाठी नेणार होते, काल रात्रीच नेली."

ते गेले. मी दारातच उभी होते. त्या लोकांना आजवर दोनदा फेकून दिलं गेलं. दुसऱ्यांदा माझ्या अर्जावरून.